ओरोस ते दाबोळी : दक्षिण कोकणातील मोटार व विमान यांच्या इतिहासाची साधने

१

मोटार आणि विमान या दोन यंत्रांचा भारतातील इतिहास बहुधा मोठ्या शहरांच्या अनुषंगाने सांगितला जातो. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर शहराची पहिली मोटारबस धावली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन निघालेले लहानसे विमान अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरविले. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. ही वृत्ते खरी आहेत आणि महत्त्वाचीही आहेत. तथापि ज्या प्रदेशात ही यंत्रे उशिरा आली, किंवा ज्याच्या डोक्यावरून ती दीर्घकाळ नुसती निघून गेली, त्या प्रदेशाचा इतिहास कोणत्या साधनांच्या आधारे लिहावयाचा, या प्रश्नाचे उत्तर अशा प्रारंभतिथींच्या यादीतून मिळत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा हा अशा प्रदेशाचा एक ठळक नमुना होय.

जिल्ह्याचे मुख्य ठाणे सिंधुदुर्गनगरी म्हणजे ओरोस. तेथून विमानांचे जवळचे संग्रहालय पाहावयाचे झाल्यास जिल्ह्याची व राज्याची सीमा ओलांडून गोव्यात जावे लागते. दाबोळी विमानतळानजीक, बोगमाळोच्या रस्त्यावर, भारतीय नौदलाचे वैमानिकी संग्रहालय आहे. त्याचे उद्घाटन १२ ऑक्टोबर १९९८ रोजी झाले. ओरोसपासून हे अंतर शंभराहून थोडे अधिक किलोमीटर असल्याने सकाळी निघून सायंकाळी परतण्याजोगी ही सहल आहे. विद्यार्थ्यांच्या अशा सहलीत संग्रहालय हेच गंतव्य मानले जाते आणि वाटेतील रस्ता केवळ तेथवर पोहोचण्याचे साधन ठरतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, दक्षिण कोकणापुरते तरी हा क्रम उलटा करणे आवश्यक आहे. संग्रहालयात जी विमाने उभी आहेत ती तेथे का उभी आहेत याचे उत्तर संग्रहालयात शिरण्यापूर्वीच, बांद्याच्या पुढे पत्रादेवीच्या सीमेवर मिळते. आणि ज्या प्रदेशातून अभ्यासक आला त्याचा स्वतःचा वाहनेतिहास कोठे आहे याचे उत्तर परतीच्या वाटेवर शोधावे लागते.

२

ओरोसहून दक्षिणेकडे जाणारा आजचा राष्ट्रीय महामार्ग कुडाळ, सावंतवाडी, बांदा असा सरळ उतरत जातो. नकाशावर पाहता कोकणातील दळणवळण नेहमीच असे उत्तर-दक्षिण असावे असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी होती. सह्याद्रीतून निघून समुद्रास मिळणाऱ्या नद्या व त्यांच्या खाड्या या पट्टीला आडव्या छेदतात. त्यामुळे प्रत्येक चार-सहा कोसांवर होडीचा उतार लागे. म्हणून उत्तर-दक्षिण प्रवास समुद्रातून आणि पूर्व-पश्चिम प्रवास घाटांतून, अशी या प्रदेशाची जुनी व्यवस्था होती. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही आगबोटींची बंदरे होती. पावसाळा लागला की आगबोट बंद होई, आणि मुंबईस नोकरीस असलेला चाकरमानी व त्याचे घर यांच्यामध्ये चार महिन्यांची भिंत उभी राही. दुसऱ्या बाजूस फोंडाघाट, गगनबावडा, आंबोली आणि त्याहून जुना रामघाट या वाटांनी देशावरील धान्य व कापूस खाली उतरत असे, आणि मीठ, नारळ, मासळी वर चढत असे.

१८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दहाव्या खंडात रत्नागिरी व सावंतवाडी यांचे वर्णन आहे. त्यात बंदरे व घाटवाटा यांना जे स्थान मिळाले आहे, त्यावरून वेंगुर्ले ते बेळगाव हा मार्ग त्या काळी किती मोलाचा होता हे दिसून येते. परंतु हा खंड छापला जात असतानाच त्या मार्गाच्या ऱ्हासाची बीजे रोवली गेली होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातून मुरगाव बंदर व तेथून घाटावर जाणारा लोहमार्ग यांची योजना पुढे आली, आणि १८८८ पर्यंत मुरगाव ते कॅसलरॉक हा मार्ग पूर्ण झाला. घाटमाथ्यावरील जो माल बैलगाडीने वेंगुर्ल्यास उतरत असे त्यातील मोठा भाग आगगाडीने मुरगावकडे वळला. येथे प्रथमच असे घडले की, गोव्यात एक यंत्र आले आणि त्याचा परिणाम शेजारच्या सावंतवाडी व रत्नागिरी प्रदेशावर उलटा झाला. हा अनुभव पुढे पुन्हा यावयाचा होता.

मोटारगाडी या प्रदेशात आली ती घाटांच्या या जुन्या वाटांनी. बैलगाडीसाठी बांधलेली वळणे तिने जशीच्या तशी स्वीकारली. आंबोली घाटातून उतरणारा आजचा वाहनचालक एकोणिसाव्या शतकातील अभियंत्याने ठरविलेल्या चढावरच गाडीचा वेग आवरतो. राज्य परिवहनाची स्थापना झाल्यावर खासगी मोटारमालकांचे मार्ग टप्प्याटप्प्याने सरकारी सेवेत आले. मुंबई राज्यातील पहिल्या गाड्या लाकडी सांगाड्याच्या आणि काथ्याच्या बैठकीच्या होत्या, हे सर्वश्रुत आहे. कोकणात ‘एस. टी.’ हे नाव पुढे वाहनापुरते राहिले नाही. टपाल, वर्तमानपत्र, औषध, माहेरची भेट आणि गणपतीची सुट्टी ही सर्व तिच्या वेळापत्रकाशी बांधली गेली. आगबोट पावसाळ्यात बंद होई, एस. टी. चालू राही, कोकणाचे तोंड समुद्राकडून रस्त्याकडे वळविण्याचे श्रेय जितके नव्या पुलांना तितकेच या गाडीलाही द्यावे लागेल.

३

बांद्याच्या पुढे काही वेळातच पत्रादेवी लागते. आज तेथे वाहनांची तपासणी होते व हुतात्म्यांचे स्मारक दिसते. सहलीची गाडी क्षणभर थांबते आणि पुढे निघते. वाहतुकीच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र या दिवसभराच्या प्रवासातील हे सर्वांत महत्त्वाचे स्थळ होय.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला. पत्रादेवीस कर्नैलसिंग बेनिपाल यांच्यासह अनेकांना हौतात्म्य आले. यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेले दळणवळण तोडले. मुरगावच्या लोहमार्गावरील सीमापार वाहतूक थांबली. १ सप्टेंबर १९५५ पासून गोव्यातील भारताची वकिलात बंद झाली. आर्थिक निर्बंध त्याआधीच सुरू झाले होते. परिणामी बांदा व दोडामार्ग येथे येऊन थांबणारे रस्ते खऱ्या अर्थाने शेवटचे रस्ते ठरले. पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीच्या सत्तेखाली होता. दोन्ही बाजूंस एकच भाषा, एकच देवस्थाने, आणि बहुधा एकाच कुळातील माणसे होती. त्यांच्यामधील आठवड्याच्या बाजाराचा व लग्नसंबंधांचा रस्ता सहा वर्षे रोखला गेला.

दाबोळीचा विमानतळ हे याच कोंडीचे अपत्य होय. जमिनीवरचे मार्ग एकामागून एक बंद होत असलेले पाहून पोर्तुगीज शासनाने आकाशमार्गाचा आश्रय घेतला. दाबोळीच्या पठारावर धावपट्टी बांधण्यात आली आणि १९५५ साली विमानतळ सुरू झाला. तत्कालीन गव्हर्नर-जनरल पाउलो बेनार गेदिश यांचे नाव त्यास देण्यात आले. त्याच वर्षी ‘ट्रान्सपोर्तेस आएरेऊस दा इंदिया पोर्तुगेझा’ ही सरकारी विमानसेवा उभी राहिली. दमण व दीव या विलग प्रदेशांशी संबंध राखणे, कराचीस जाणे आणि पुढे लिस्बनपर्यंत पोहोचणे ही तिची कामे होती. गोव्यात विमान हे समृद्धीचे वा हौसेचे वाहन म्हणून आले नाही; रस्ता बंद पडलेल्या एका वसाहतीने टिकाव धरण्यासाठी केलेला तो उपाय होता. मुरगावच्या आगगाडीने जसे वेंगुर्ल्याचे महत्त्व कमी केले, तसेच सीमेच्या कोंडीने बांदा-दोडामार्ग भागास मागे सारले, आणि पलीकडे मात्र त्याच कोंडीतून विमानतळ जन्मास आला. एकाच कारणाचे दोन बाजूंस दोन परिणाम झाले. यांपैकी एकाच बाजूचा परिणाम आज संग्रहालयात पाहावयास मिळतो.

४

१८ डिसेंबर १९६१ रोजी पहाटे भारतीय सैन्याने गोव्यात प्रवेश केला. दोडामार्गच्या बाजूने, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून, पन्नासाव्या छत्री-ब्रिगेडच्या तुकड्या पुढे सरकल्या. सहा वर्षे जेथे रस्ता संपत होता तेथूनच लष्करी वाहनांची रांग आत गेली. माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी पूल उडविल्यामुळे या यांत्रिक दळालाही नद्यांपाशी थांबून उतार शोधावे लागले. कोकणच्या भूगोलाने आपला जुना नियम त्या दिवशीही सोडला नाही.

त्याच सकाळी पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा जातीच्या बारा बाँबफेकी विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर मारा केला. नंतर दुसरी तुकडी आली. बेळगावहून आलेल्या हंटर विमानांनी बांबोळी येथील बिनतारी केंद्र निकामी केले. दाबोळीवर उभी असलेली दोन मोठी प्रवासी विमाने, पोर्तुगालच्या राष्ट्रीय विमानसेवेचे एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि स्थानिक सेवेचे एक चार इंजिनांचे विमान, मात्र भारतीय वैमानिकांनी वाचविली, ती हस्तगत व्हावीत म्हणून. रात्री धावपट्टीची घाईघाईने डागडुजी करून पोर्तुगीजांनी हीच विमाने बाहेर काढली. अधिकाऱ्यांची कुटुंबे घेऊन ती अंधारातून कराचीस निघून गेली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज सत्तेने शरणागती पत्करली.

एप्रिल १९६२ मध्ये दाबोळी नौदलाकडे आली. कोइमतूरनजीक सुलूर येथे १९६१ साली स्थापन झालेला ‘हंसा’ हा नौदलाचा वैमानिकी तळ १९६४ साली येथे हलविण्यात आला. नागरी वाहतुकीस पुढे याच धावपट्टीचा वाटा मिळाला, आणि गोव्यास येणारे देशी-विदेशी पर्यटक अनेक दशके लष्करी तळावर उतरत राहिले. अशा रीतीने वसाहतीने बांधलेली, भारतीय बाँबने फुटलेली आणि भारतीय नौदलाने वापरात घेतलेली ही एकच धावपट्टी आहे. तिच्याजवळ संग्रहालय उभे राहावे हे स्वाभाविकच होते.

५

संग्रहालयाचे दोन भाग आहेत : उघड्या प्रांगणात मांडलेली विमाने व हेलिकॉप्टरे, आणि इंजिने, शस्त्रे, छायाचित्रे व प्रतिकृती असलेली दुमजली इमारत. प्रांगणातील प्रत्येक यंत्राजवळ त्याचे नाव व सेवाकाल यांची नोंद वाचता येते. सामान्य प्रेक्षक आकार पाहतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यंत्राचा प्रवास पाहावा. त्या दृष्टीने येथील चार विमाने विशेष विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले, शॉर्ट सीलँड. होडीसारख्या पोटाचे हे दोन इंजिनांचे उभयचर विमान पाण्यावर व जमिनीवर दोन्हीकडे उतरू शके. १९५३ साली कोचीस आलेल्या याच जातीच्या विमानांनी भारतीय नौदलाच्या वैमानिकी शाखेचा आरंभ झाला. नौदलाचे पहिले विमान अर्धे जहाज असावे, हा योगायोग नव्हे. नौदलाची गरजच त्याच्या बांधणीत उमटली आहे.

दुसरे, सी हॉक. १९६० साली नौदलात आलेले हे लढाऊ जेट विमान ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजासाठी घेतले होते. त्याचे पंख मिटतात, कारण जहाजाच्या पोटात जागा थोडी. शेपटीखालचा आकडा उतरताना डेकवर ताणलेल्या दोरात अडकतो आणि काही क्षणांत विमान थांबते. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट रा. ह. ताहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर पहिले जेट विमान उतरविले, हेच अधिकारी पुढे नौदलप्रमुख झाले. डिसेंबर १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’वरील सी हॉक विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथे मारा केला.

तिसरे, सुपर कॉन्स्टेलेशन. तीन उभ्या शेपट्यांचे हे डौलदार विमान प्रांगणात सर्वांत मोठे दिसते. एअर इंडियाने १९५४ पासून अशी विमाने परदेशी मार्गांवर चालविली. जेट युग आल्यावर ती वायुसेनेकडे गेली, आणि १९७६ साली समुद्रावरील टेहळणीसाठी नौदलाकडे आली. प्रवाशांना लंडनला नेण्यासाठी बांधलेले यंत्र अशा प्रकारे अरबी समुद्रावर घिरट्या घालीत म्हातारे झाले. १८ डिसेंबर १९६१ च्या रात्री दाबोळीहून जे विमान निसटले तेही याच घराण्याचे होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या एका वस्तूभोवती दोन परस्परविरुद्ध इतिहास उभे राहतात. फलकावर त्यांपैकी एकच लिहिता येतो.

चौथे विमान आकाराने लहान असून पुष्कळ प्रेक्षक त्यास ओलांडून जातात. ते एच. टी. २ हे प्रशिक्षण-विमान होय. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कारखान्यात त्याचा आराखडा झाला आणि १९५१ साली त्याने पहिले उड्डाण केले. भारतात आराखडा करून मोठ्या संख्येने बनविलेले हे पहिले विमान. अनेक वर्षे वायुसेनेच्या व नौदलाच्या वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यावर गिरविले. घाना देशासही ते पुरविले गेले. त्याचे आराखडाकार डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या खेड्यात झाला. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्रात संशोधन केले. आंबोली घाट चढून गेल्यावर पुढे गडहिंग्लजच्या परिसरात हे गाव येते. म्हणजे सिंधुदुर्गच्या विद्यार्थ्यास ते परके नव्हे.

६

घाटगे यांच्या विमानापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण येथे साधनचिकित्सेचा एक मूलभूत मुद्दा उपस्थित होतो. मराठी वाचकास विमानविद्येच्या संदर्भात घाटगे यांच्यापेक्षा शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव अधिक परिचित आहे. तळपदे हे मुंबईचे रहिवासी. त्यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडविले अशी कथा सांगितली जाते, तिच्यावर २०१५ साली हिंदी चित्रपटही निघाला. तळपदे हे ऐतिहासिक व्यक्ती होते व त्यांना विमानविद्येचे वेड होते यात संशय नाही. परंतु या उड्डाणास दुजोरा देणारा विश्वसनीय समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. यंत्र शिल्लक नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा या कथेशी संबंध जोडला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली केली. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी रचला गेला असून त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. याच संस्थेच्या वैमानिकी विभागात, त्याच्या आरंभीच्या काळात, घाटगे यांनी अध्यापन केले होते.

येथे दोघांची तुलना व्यक्ती म्हणून करावयाची नाही. प्रश्न स्मृतीचा आहे. जेथे वस्तू आहे, आराखडा आहे, उड्डाणाच्या नोंदी आहेत, त्या माणसाचा विसर पडला. जेथे यांपैकी काहीच नाही ती कथा मात्र घरोघरी पोहोचली. साधने जपून ठेवली म्हणजे इतिहास आपोआप लोकांपर्यंत जातो हा समज यावरून चुकीचा ठरतो. साधने वाचणारा कोणीतरी असावा लागतो. त्याच न्यायाने, साधनेच नष्ट झाल्यास रिकामी जागा कथा भरून काढते, आणि पुढे ती जागा परत मिळविणे इतिहासकारास कठीण जाते.

साधने टिकविणे खर्चाचे असते, हेही येथेच सांगितले पाहिजे. सी हॉक, अलिझे आणि पुढे सी हॅरियर ही प्रांगणातील विमाने ज्या ‘विक्रांत’वरून उडाली ते जहाज १९९७ साली सेवानिवृत्त झाले. मुंबईत ते काही वर्षे तरते संग्रहालय म्हणून राहिले. त्याची देखभाल परवडेनाशी झाली. २०१४ साली ते भंगारात विकले गेले आणि तोडण्यात आले. मिटलेल्या पंखांचे सी हॉक दाबोळीस उभे आहे. ज्या अरुंद डेकमुळे त्याचे पंख मिटवावे लागले ते डेक आता नाही. एवढा सन्मान मिळालेल्या युद्धनौकेची ही गत झाली, तर कोकणातील एखाद्या आगाराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या जुन्या गाडीचे काय होणार, याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

७

परतीच्या वाटेवर, मांडवी ओलांडून म्हापशामार्गे पेडण्याकडे येताना, एक आकडा मनात धरण्याजोगा आहे. १९३५ साली टाटांच्या विमानसेवेने मुंबई-गोवा-कण्णूर-त्रिवेंद्रम हा मार्ग सुरू केला. मुंबईहून गोव्यास जाणारे विमान कोकणपट्टीलाच समांतर जाणार. त्याचा आवाज देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यांवर पोहोचला असणार. परंतु आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या भूमीवर प्रवासी विमानसेवेचे पहिले विमान उतरले ते ९ ऑक्टोबर २०२१ रोजी, परुळे-चिपी येथील विमानतळाच्या उद्घाटनाच्या दिवशी. मध्ये ८६ वर्षे गेली. या काळात प्रदेश सोडून मुंबईस जाणाऱ्या माणसाने प्रथम आगबोट धरली, नंतर एस. टी., आणि २६ जानेवारी १९९८ रोजी राष्ट्रास अर्पण झालेली कोकण रेल्वे. दाबोळीचे संग्रहालय व कोकण रेल्वे ही दोन्ही एकाच वर्षातील आहेत : पलीकडे विमानाचा भूतकाळ मांडला जात होता त्या वर्षी अलीकडे आगगाडी नुकतीच आली होती.

चिपीनंतर चौदा महिन्यांनी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, पेडणे तालुक्यातील मोपा येथे गोव्याच्या दुसऱ्या विमानतळाचे उद्घाटन झाले. मोपा सिंधुदुर्गच्या सीमेस लागूनच आहे. ज्या पेडण्याचा रस्ता १९५५ साली बंद झाला, तेथे आता सावंतवाडी-बांद्याचा प्रवासी विमान पकडावयास जातो. सीमेपलीकडचे यंत्र अलीकडच्या बंदरावर, बाजारावर वा विमानतळावर काय परिणाम करते, हा वेंगुर्ले व मुरगाव यांच्या काळातील प्रश्न अशा रीतीने नव्या स्वरूपात पुन्हा उभा आहे. त्याचे उत्तर आज देता येणार नाही. मात्र त्या उत्तरासाठी लागणाऱ्या नोंदी आजच ठेवता येतील.

जुने साधन आणि चालू व्यवहार यांची सरमिसळ हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातील दगडी पूल पुरात कोसळला आणि राज्य परिवहनाच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. तो पूल ऐतिहासिक वास्तू होता आणि त्याच वेळी रोजच्या वाहतुकीचा भार वाहणारा रस्ताही होता. कोकणात वाहतुकीचा इतिहास संग्रहालयाच्या दाराआड सुरक्षित नाही. तो पायाखाली आहे. म्हणून त्याची नोंद ठेवणे हे जितके विद्वत्तेचे तितकेच सार्वजनिक हिताचे काम ठरते.

ही नोंद कोठे शोधावयाची याची अडचणही लहान नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यापूर्वीचा प्रदेश काही अंशी सावंतवाडी संस्थान, काही अंशी रत्नागिरी जिल्हा. वरिष्ठ सत्ता मुंबई इलाख्याची, आणि शेजारी गोव्याचे पोर्तुगीज शासन. त्यामुळे एकाच रस्त्याची कागदपत्रे मुंबईच्या पुराभिलेखागारात, पणजीच्या पुराभिलेखागारात आणि स्थानिक कचेऱ्यांत विखुरलेली असणार. त्यांतील पणजीची पोर्तुगीज कागदपत्रे मराठी विद्यार्थ्यास भाषेमुळे दुर्गम आहेत. ओरोसच्या विद्यार्थ्यास आपल्या गावच्या रस्त्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास पोर्तुगीज शिकावी लागेल, हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल; पत्रादेवीची सीमा ओलांडून आलेल्यास ते तसे वाटणार नाही.

कागदपत्रांहून अधिक तातडीचे साधन माणसे हे आहे. १९५५ ते १९६१ या काळातील बंद सीमा ज्यांनी पाहिली ते आज वृद्धापकाळात आहेत. राज्य परिवहनाच्या प्रारंभीच्या दशकांत घाटांतून गाड्या चालविलेले चालक, तिकिटांची पेटी घेऊन उभे राहिलेले वाहक, आगारांतील कारागीर, आगबोटीवरून मालवण-वेंगुर्ल्यास उतरलेले चाकरमानी, यांच्या आठवणी कोणत्याही फलकावर लिहिलेल्या नाहीत. त्या घेताना तळपदे यांच्या कथेचा धडा विसरता कामा नये : प्रत्येक आठवण तारीख, स्थळ, मार्ग व सांगणाऱ्याचे स्थान यांसह टिपली जावी आणि कागदाशी ताडून पाहिली जावी. मुंबईत ‘बेस्ट’ने आणिक आगारात आपल्या ट्राम व बसगाड्यांचे संग्रहालय जपले आहे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे चिलखती दलाने १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उभारले. या दोन्ही ठिकाणी जतन करणारी संस्था आणि वाहन वापरणारी संस्था एकच आहे, हे लक्षणीय होय. ज्याने यंत्र चालविले त्याच्याकडे त्याची स्मृती राहिली. कोकणातील वाहने ज्यांनी चालविली व ज्यांनी त्यांतून प्रवास केला त्यांच्याकडे अशी संस्था नसल्याने हे कार्य विद्यापीठीय विभागांकडे येते.

सायंकाळी सहलीची गाडी बांदा मागे टाकून ओरोसकडे वळते तेव्हा विद्यार्थ्यांच्या वह्यांत बहुधा विमानांची नावे, इंजिनांची संख्या व सेवाकाल उतरलेले असतात. ती टिपणे उपयुक्तच आहेत. त्यांच्याच शेजारी पत्रादेवीचा नाका, आंबोलीची वळणे, वेंगुर्ल्याचा धक्का आणि कुडाळचे आगार यांच्या नोंदी जेव्हा त्याच काळजीने उतरतील, तेव्हा दक्षिण कोकणाच्या वाहनेतिहासाचे पहिले प्रकरण लिहावयास पुरेशी सामग्री हाताशी येईल.